शर्यतीतील पंच कोणाचा?



मोटार शर्यतीचा विषय शाळेच्या पत्रिकेत कशाला, असे काही मंडळींना वाटेल. पण वरच्या वर्गातील मुले हल्ली अमेरिकेच्या इंडीकार शर्यती मोबाईलवर पाहतात आणि मधल्या सुट्टीत त्यावर तावातावाने बोलतात. त्यांचे एक म्हणणे हमखास कानावर येते : "आता काही होत नाही सर, गाडीच तेवढी मजबूत असते." हे म्हणणे मला अर्धेच पटते.

पटते ते असे. इंडीकारची गाडी उघड्या चाकांची आणि एकट्या चालकाची. मोठ्या ओव्हल ट्रॅकवर ती ताशी ३५० किलोमीटरच्या वर धावते. २००२ साली इंडियानापोलिसला पहिल्यांदा 'सेफर' भिंत बसवली गेली. नेब्रास्का विद्यापीठातील डीन सिकिंग यांच्या चमूने ती तयार केली. काँक्रीटच्या भिंतीपुढे पोलादी नळ्या आणि मधे फोमचे ठोकळे, त्यामुळे धडकेचा जोर चालकाच्या शरीराऐवजी भिंत सोसते. ऑगस्ट २०१५ मध्ये पोकोनो येथे दुसऱ्या गाडीचा उडालेला तुकडा डोक्याला लागून जस्टिन विल्सन गेला. २०२० पासून चालकापुढे 'एरोस्क्रीन' हे पारदर्शक कवच आले. त्याच वर्षी जुलैत आयोवाच्या शर्यतीत कोल्टन हर्टाची गाडी रायनस व्हीकेच्या गाडीवर चढली आणि दोघेही सुखरूप बाहेर आले. कवच नसते तर काय झाले असते, ते सांगायला नको.

पण ती गाडी वर चढली कशी? थांबलेली शर्यत पुन्हा सुरू होत होती. ती सुरुवात ऐन वेळी रद्द झाली, पुढचे सावरले आणि मागून येणारा वेगातच राहिला. कवचाने जीव वाचवला, गोंधळ काही थांबवला नाही.

याहून मोठे उदाहरण १६ ऑक्टोबर २०११ चे, लास व्हेगासचे. इंडियानापोलिसचा ट्रॅक चार किलोमीटरचा आणि तिथे ३३ गाड्या सुटतात. लास व्हेगासचा ट्रॅक जेमतेम २.४ किलोमीटरचा, आणि त्या दिवशी सोडल्या ३४! वळणे इतकी उतरती की वेग कमी करण्याची गरजच नाही. सगळ्यांचा वेग सारखा असला म्हणजे कोणी पुढे निघून जात नाही, कोणी मागे पडत नाही, सगळा घोळका चाकाला चाक लावून धावत राहतो. चालकांनी आधीच चिंता बोलून दाखवली होती. वर आकर्षण म्हणून डॅन व्हेल्डन सर्वांत मागून सुटून जिंकला, तर त्याला आणि एका प्रेक्षकाला मिळून ५० लाख डॉलर! अकराव्या फेरीत १५ गाड्या एकमेकींवर आदळल्या. व्हेल्डनची गाडी उडून कुंपणाला धडकली आणि ३३ वर्षांचा तो चालक, त्याच वर्षी मे महिन्यात इंडियानापोलिस ५०० जिंकलेला, गेला. शर्यत तिथेच रद्द झाली. दोन आठवड्यांनी आपल्याकडे ग्रेटर नोएडाला पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली, तिच्या आधी त्याच्यासाठीही मौन पाळले गेले. यात एका चालकाला दोषी धरता येत नाही. मैदानाच्या मानाने गाड्या किती, हे ठरवणाऱ्याचा तो दोष होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

वाहन चालवण्याच्या शिस्तीचे नियम तिथे नाहीत असे नव्हे. मागच्याची चाल पाहून मग आडवे येणे हा गुन्हा, टाळता येण्याजोगी धडक हाही गुन्हा. इंडियानापोलिसला नवख्याला थेट पूर्ण वेगाने जाऊच देत नाहीत. आधी ताशी २०५ ते २१० मैलांवर दहा फेऱ्या, मग २१० ते २१५ वर पंधरा, मग त्याहून पुढे पंधरा. पायरी गाळून वर जाता येत नाही. (लायसन्स नसताना गाडी घेऊन शाळेच्या फाटकापर्यंत येणाऱ्या दहावी-अकरावीच्या वीरांनी हे दोनदा वाचावे. पालकांनी तीनदा.)

नियम आहेत, मग प्रश्न उरतो पंचांचा. २०२० मध्ये ही स्पर्धा आणि इंडियानापोलिसचा ट्रॅक, दोन्ही रॉजर पेन्स्के यांच्या मालकीचे झाले, आणि त्यांचा स्वतःचा संघही त्याच स्पर्धेत उतरतो. २०२४ मध्ये त्यांच्या दोन गाड्या पहिल्या शर्यतीतून बाद ठरल्या, कारण जादा शक्तीचे बटण नियमाविरुद्ध वापरले गेले होते. मे २०२५ मध्ये तर इंडियानापोलिसला त्यांच्या दोन गाड्यांच्या मागच्या आघातशोषक भागात परवानगी नसलेला फेरफार आढळला. हा भाग गाडी उलटी भिंतीवर गेली तर चालकाला वाचवण्यासाठी असतो. वेगात फायदा झाला असेल-नसेल, पण जीव वाचवणाऱ्या भागाला हात लावायचाच कशाला? दोन्ही गाड्यांना शेवटच्या रांगेत पाठवले, दंड झाला, आणि पेन्स्के यांनी आपल्या तीन वरिष्ठ अधिकाऱ्यांना कामावरून काढले. एवढे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवे.

तरीही इतर संघांच्या मनातला संशय जाईना. निर्णय योग्य असला तरी पंच मालकाच्या पगारावर आहे, हे कोण विसरेल? अखेर पंचांचे काम मालकीपासून वेगळे करून स्वतंत्र मंडळाकडे सोपवायचे ठरले. माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, तिथे शिस्तीला 'अनुशासन' म्हणतात, आणि त्यातले शासन मुले ऐकतात ते निःपक्ष असेल तोवरच.

आमच्या आंतरसदन सामन्यांत पंच आमचेच शिक्षक असतात, आणि त्यातील काही सदनप्रमुखही. कोणाच्या सचोटीवर शंका नाही. तरी येत्या क्रीडा सप्ताहात कबड्डी आणि खो-खोच्या अंतिम सामन्यांना पंच बाहेरच्या शाळेतून बोलवावेत, असा प्रस्ताव मी विश्वस्त मंडळापुढे ठेवला आहे. प्रवासखर्चाचा प्रश्न तेवढा कोषाध्यक्षांनी सोडवावा.

– प्राचार्य