इमारतीचा देखभाल खर्च : समान की न्याय्य?

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

सदनिका विकत घेताना माणूस दाराच्या आतले सारे बारकाईने पाहतो. दाराबाहेरचा जिना, गच्ची, पाण्याची टाकी हेही आपणच विकत घेतले आहे, ही जाणीव त्याला देखभालीचे पहिले बिल हाती पडल्यावर होते. मग वाद सुरू होतो. लहान घराचा मालक म्हणतो, चौरस फुटांवर वाटा. मोठ्या घराचा म्हणतो, सर्वांना सारखे. दोघेही न्यायाच्याच नावाने बोलतात आणि दोघांचाही न्याय आपापल्या खिशापाशी येऊन थांबतो.

आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना हा प्रश्न नवा नाही. कॉस्ट अकौंटिंगमध्ये कारखान्याचे भाडे जागेच्या क्षेत्रफळावर वाटतात, कँटीनचा खर्च कामगारांच्या संख्येवर. प्रत्येक खर्चाला त्याच्या कारणाचे माप लावावयाचे. माझे गाव वारासिवनी हातमागाच्या साड्यांचे. तेथील विणकराला हे पुस्तकाविना कळते. समजा तिघांनी मिळून एक खोली घेतली, त्यात एकाचे दोन माग व इतरांचा एकेक. भाडे मागांवर वाटले तर कोणी कुरकुर करणार नाही. पण रात्रीच्या राखणदाराचे पैसे? चोर काही माग मोजून येत नाही.

आता बारा सदनिकांची इमारत घ्या. सहा घरे ५०० चौरस फुटांची, सहा १००० ची. पहारेकऱ्याचा पगार महिना १८,००० रुपये. समान वाटले तर प्रत्येकी १,५००. क्षेत्रफळावर वाटले तर लहानास १,००० व मोठ्यास २,०००. पहारा दोघांना सारखाच, म्हणून येथे समान वाटणीच योग्य. उलट बाहेरून रंग द्यावयाचा असेल, तर भिंत मोठ्या घराची जास्त. तेथे ‘सर्वांना सारखे’ म्हणणे लहानावर अन्याय आहे.

महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी बरेचसे असेच सांगतात. सेवाशुल्क समान, पाणीपट्टी नळांच्या संख्येवर, दुरुस्ती निधी व सिंकिंग फंड मात्र प्रत्येक सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान ०.७५ व ०.२५ टक्के. मुंबई उच्च न्यायालयानेही २००३ साली व्हीनस संस्थेच्या प्रकरणात समान सेवाशुल्काची बाजू उचलून धरली. परंतु इमारत १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली गेली की सगळा सामाईक खर्च मालकीच्या टक्केवारीने! २०२५ साली पुण्याच्या एका संकुलाबाबत त्याच न्यायालयाने तसा निर्णय दिला. कर्नाटकाचा १९७२ चा कायदाही याच वळणाचा आहे, हे कन्नड विभागातील मित्रांनी ध्यानात घ्यावे. म्हणजे पहारेकरी तोच, फाटक तेच. नोंदणी कोणत्या कायद्याखाली झाली एवढ्यावरून बिल बदलते. न्यायालयाने कायद्याप्रमाणे निकाल दिला, त्याला दोष नाही. दोष एकाच मापाने सर्व काही मोजणाऱ्या कायद्याचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

लिफ्टचा प्रश्न अवघड. उपविधींप्रमाणे तळमजल्यावाल्यानेही तिचा समान खर्च द्यावयाचा. पेन्शनवर जगणाऱ्या एखाद्या आजींना हे कसे समजावणार? पण त्यांना सूट दिली की पहिला मजला म्हणणार, आम्ही पायीच चढतो. चौथा म्हणणार, आमच्या घरात माणसे दोनच. शेवटी लिफ्टमध्ये हिशेबनीस बसवावा लागेल! मला विचाराल तर वीज व मासिक देखभाल वरच्या मजल्यांकडून घ्यावी. नवी लिफ्ट बसविण्याचा खर्च मात्र सर्वांनी उचलावा, कारण तिच्यामुळे सगळ्या इमारतीची किंमत वाढते.

आमच्या गावी अजून बहुतेकांची घरे स्वतंत्र आहेत, म्हणून वडीलधाऱ्यांना हा सारा शहरी पोरखेळ वाटतो. मध्य प्रदेशात मात्र २००० सालचा प्रकोष्ठ स्वामित्व कायदा आहे. शब्द एवढा जड की सदनिका घेणाऱ्यालाही तो आपल्याविषयी आहे हे कळू नये. नोकरीसाठी नागपूर-रायपूरला गेलेली आमची मंडळी सदनिका घेतात, कुलूप लावून गावी येतात आणि विचारतात, ‘राहतच नाही, तर पैसे कसले?’ वापरावर अवलंबून असलेल्या खर्चात त्यांना सवलत देण्याचा विचार सभेने जरूर करावा. पण गच्चीची गळती आणि फाटकावरचा पहारा त्यांच्या कुलपाकडे पाहून थांबत नाही, तेव्हा तो वाटा त्यांनी दर महिन्याला पाठविलाच पाहिजे.