वेंधळ्या नायकाची चित्रकादंबरी

गेल्या पावसाळ्यांत, व्याकरणाचा तास चालू असतां, वरच्या वर्गांतील एका विद्यार्थ्याच्या बाकाखालीं मला एक चित्रांचें पुस्तक सांपडलें. मीं तें उचलून त्यांतील एक पान नाटकी स्वरांत वाचून दाखविलें. सारा वर्ग हंसला. तो मुलगा मात्र मान खालीं घालून बसला.

असल्या पुस्तकांत मुलांना काय गोडी वाटते, हें पाहावें म्हणून मीं तें घरीं नेलें. मध्यरात्र उलटली तरी तें हातचें सुटलें नाहीं. त्या रात्रीं माझें मत पालटलें. तें सुज्ञ पालकांपुढें व विद्यार्थिमित्रांपुढें ठेवणें मी माझें कर्तव्य समजतों.

कॅनडाचे ब्रायन ली ओमॅली ह्यांनीं 'स्कॉट पिल्ग्रिम' ही इंग्रजी कथा २००४ ते २०१० ह्या काळांत सहा भागांत लिहिली आणि स्वतःच रेखाटली. टोरांटो शहरांतील २३ वर्षांचा बेकार स्कॉट गिटार वाजवितो, व्हिडिओ गेमच्या नादांत असतो, आणि रमोना नांवाच्या तरुणीवर लुब्ध होतो. परंतु तिच्या पूर्वीच्या प्रेमसंबंधांतील सात जणांशीं झुंजून त्यांना हरविल्यावांचून ती त्याला लाभणार नाहीं! हरलेले प्रतिस्पर्धी खेळांतल्याप्रमाणें नाणीं होऊन विखुरतात. ह्या कथेवर २०१० सालीं चित्रपटही निघाला.

चित्रें पाहणें म्हणजे वाचनाचा आळस, असें पुष्कळांस वाटतें. मलाही वाटत असे. परंतु सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील पिंगुळीचे ठाकर कलावंत पिढ्यान्‌पिढ्या चित्रांचीं पानें एकामागून एक उचलून रामायण-महाभारतांतील आख्यानें गात आले आहेत. त्या चित्रकथीच्या परंपरेंतील श्री. परशुराम गंगावणे ह्यांस २०२१ सालीं पद्मश्री देऊन सरकारनें गौरविलें. सोलापूरच्या मुलांना मी इतकेंच सांगेन कीं, चादरीला उभें सूत लागतें तसें आडवेंही लागतें. चित्रकादंबरींत शब्द व चित्र अशींच एकमेकांत विणलेलीं असतात, आणि दोन चौकटींमध्यें जें घडलें तें वाचकाला स्वतःच ताडावें लागतें. हें आळशाचें काम नव्हे.

पण मुलांना ओढ लागते ती नायकामुळें. स्कॉट ना श्रीमंत, ना कर्तबगार. तो बावळट आहे, छंदिष्ट आहे, आणि तरीही कोणीतरी त्याच्यावर प्रेम करतें. हा मनुष्य आपणांस नवा आहे काय? बडोद्यास पाली भाषा शिकविणारे विद्वान् प्राध्यापक चिं. वि. जोशी ह्यांनीं आपल्याला चिमणराव दिला. 'चिमणरावाचें चऱ्हाट' १९३३ सालीं प्रसिद्ध झालें, आणि १९४० सालीं मास्टर विनायकांनीं 'लग्न पहावें करून' ह्या बोलपटांत चिमणराव व गुंड्याभाऊ ह्या जोडीला पडद्यावर आणलें. त्या जोडीच्या फजितीवर आपले वडील-आजोबा पोट धरून हंसले, कारण ती फजिती त्यांच्या स्वतःच्या घरचीच होती. आपली फजिती दुसऱ्याच्या रूपानें पाहून हंसतां आलें, म्हणजे तिचें भय निम्मे कमी होतें. जो मुलगा चारचौघांत बोलतांना अडखळतो, त्याला हा दिलासा फार मोठा वाटतो.

शिवाय ह्या हंसण्याच्या पोटीं एक गंभीर गोष्ट आहे. सात प्रतिस्पर्ध्यांपेक्षां कठीण सामना स्कॉटला शेवटच्या भागांत द्यावा लागतो, तो स्वतःच्याच काळ्या प्रतिमेशीं. आपण पूर्वीं कोणाकोणाचें मन दुखविलें, हें तो सोयीस्करपणें विसरलेला असतो. तें आठवून कबूल केल्यावरच तो प्रेमाला पात्र होऊं लागतो.

तें पान वाचतांना मला त्या वर्गांतील खालीं गेलेली मान आठवली. मीही तसेंच दुखविलें होतें. दुसऱ्या दिवशीं मीं पुस्तक परत केलें, आणि ज्या वर्गासमोर हंसें केलें त्याच वर्गासमोर त्या मुलाची क्षमा मागितली. तो हळूच म्हणाला, "सर, तो स्कॉट अगदीं माझ्यासारखाच आहे."

पालकहो, हें पुस्तक खालच्या इयत्तांसाठीं नव्हे. त्यांतील कांहीं प्रसंग प्रौढांचे आहेत. परंतु मोठ्या मुलाच्या हातीं तें दिसल्यास हिसकावून घेऊं नका. एकदां त्याच्याजवळ बसा, आणि त्याला ह्यांत काय आवडलें तें विचारा. त्याच्या उत्तरांतून पुस्तकाची पारख तर होईलच, पण आपल्याच मुलाच्या मनांतील जी गोष्ट तो एरवीं बोलला नसता, तीही कदाचित् कळेल. आणि विद्यार्थिमित्रहो, सात लढायांची मौज अवश्य लुटा; मात्र ती आठवी लढाई गाळून पुस्तक मिटूं नका.