घरपट्टी थकवून धंदा मोठा होत नाही



परवाच्या बॅचमध्ये एका ताईंनी विचारलं, "सर, घराच्या पुढच्या खोलीत मसाल्याचं दुकान टाकतेय. ग्रामपंचायतीला सांगायचं का? घरपट्टी वाढेल ना?"

वाढेल. तरी सांगा. हे मत मी स्वतः फटका खाऊन बनवलंय.

केडगावात माझं पहिलं दुकानही घराच्या पुढच्याच खोलीत होतं. नोंद राहत्या घराचीच ठेवली, वर पट्टी दोन वर्षं थकवली. म्हटलं, तेवढेच पैसे मालात फिरतील. मग दिवाळीच्या मालासाठी कर्जाचा अर्ज केला. बँकेने नमुना 8 चा उतारा आणि चालू पावती मागितली. उताऱ्यावर दुकान नव्हतंच! थकबाकी भरून, नोंद बदलून कागद हातात येईपर्यंत दिवाळी होऊन गेली. वाचवायला गेलो पट्टी, हातचा गेला सीझन.

आता पट्टी ठरते कशी ते बघा. दौंडला नगरपरिषद, आपल्याकडे ग्रामपंचायत, त्यामुळे नियमही वेगळे. डिसेंबर 2015 च्या बदलानंतर ग्रामपंचायत घराच्या भांडवली मूल्यावर कर लावते. त्यात क्षेत्रफळ, रेडी रेकनरचा दर, बांधकामाचा प्रकार, घराचं वय आणि वापर धरतात. धंद्याच्या वापराला भारांक जास्त, म्हणून पट्टी वाढते. पण ती आकडेमोडीने वाढते, कुणाच्या मर्जीने नाही. म्हणून ओरडण्याआधी उतारा काढा. क्षेत्रफळ चुकलंय का, जुनं घर नवं दाखवलंय का, ते तपासा. दर 4 वर्षांनी फेरआकारणी होते, तेव्हा हरकत घ्यायची संधी असते. ती सोडू नका.

अजून तीन गोष्टी डायरीत लिहून ठेवा.

1. 30 सप्टेंबरच्या आत पट्टी भरली तर 5 टक्के सूट मिळते. वर्ष उलटलं की दंड लागतो.

2. धंद्याला वापरलेल्या भागाची पट्टी हिशोबात धंद्याचा खर्च म्हणून दाखवता येते, पण ती प्रत्यक्ष भरली असेल तरच.

3. नमुना 8 ही कराची नोंद आहे, मालकीचा पुरावा नाही. जागा घेताना फक्त त्यावर विसंबू नका.

काही जण म्हणतील, "गटार तुंबलंय, दिवे बंद, मग पट्टी कशाला?" राग बरोबर आहे. पण दिवाबत्ती आणि स्वच्छता याच पैशातून होते. आणि बिल मिळाल्यावर 3 महिन्यांत कर न भरणारा ग्रामपंचायत सदस्यसुद्धा अपात्र ठरू शकतो. मग आपण का मागे राहायचं? पावती खिशात ठेवा आणि ग्रामसभेत उभं राहून हिशोब मागा.

ताई, मसाल्याची पहिली गिरणी लावायच्या आधी उतारा काढा. धंद्याची पहिली फाईल तीच.