लहान म्हणजे नक्की केवढे?

आपल्या 'लहान'साठी इंग्रजीत कितीतरी शब्द आहेत आणि आपण ते सरसकट वापरतो. 'स्मॉल' बहुधा फक्त आकार सांगतो. 'लिटल'मध्ये माया असते, कधी हिणवणेही. 'टायनी' म्हणजे अगदी इवलेसे. 'मायनर' गांभीर्य मोजतो. मायनर जखम म्हणजे काळजी करण्यासारखी नसलेली.

एका 'अ'नेही अर्थ फिरतो. 'अ लिटल वॉटर' म्हणजे थोडे पाणी आहे. नुसते 'लिटल वॉटर' म्हणजे जवळजवळ नाहीच. रूट मार्चवर असा निरोप देताना तो 'अ' गाळून कसे चालेल?

सर्वांत जपून वापरावा तो 'पेटी'. हा शब्द फ्रेंचमधून आला, तेव्हा अर्थ फक्त लहान एवढाच होता. नौदलात पेटी ऑफिसर हा मानाचा हुद्दा आहे, सैन्यातील हवालदाराच्या बरोबरीचा. पण तक्रारीला 'पेटी' म्हटले की ती क्षुद्र ठरते. ज्युनिअरची तक्रार 'स्मॉल' असेल, तरी ती ऐकता येते. 'पेटी' म्हटल्यावर ऐकणेच संपते.

माझे मत स्पष्ट आहे. सीनिअर्सनी तक्रारीचा आकार जरूर पाहावा, पण ऐकण्याआधी तिची किंमत ठरवू नये.