सेल्सिअसची मोजपट्टी

हवामानाच्या वार्तेत ‘अंश सेल्सिअस’ हे शब्द आपण नित्य ऐकतो. परंतु हे एका खगोलशास्त्रज्ञाचे नाव आहे, याचे स्मरण क्वचितच होते.

अँडर्स सेल्सिअस १७०१ साली स्वीडनमधील उप्साला येथे जन्मला. वडील आणि दोन्ही आजोबा तेथील विद्यापीठात प्राध्यापक. १७३० साली तोही तेथेच खगोलशास्त्राचा प्राध्यापक झाला. पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी की लांबट, हा तेव्हाचा मोठा वाद होता. १७३६ साली मोपेर्तुई या फ्रेंच विद्वानाच्या मोहिमेबरोबर तो लॅपलँडच्या हिमप्रदेशात गेला. तेथील मोजणीने पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी असल्याचे न्यूटनचे मत खरे ठरले. १७४१ साली त्याच्या प्रयत्नांनी उप्सालास वेधशाळा उभी राहिली.

पुढच्याच वर्षी त्याने तापमापनाची शंभर अंशांची पट्टी मांडली. गंमत अशी, की तीत पाणी उकळे तेथे शून्य आणि गोठे तेथे शंभर! १७४४ साली क्षयाने, अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी, तो निवर्तला. त्यानंतर ती पट्टी उलटी करण्यात आली. तरीही १९४८ साली जगाने त्या अंशाला त्याचेच नाव दिले.

ते उचितच झाले. गोठणबिंदू स्थळाप्रमाणे बदलत नाही, उत्कलनबिंदू मात्र हवेच्या दाबानुसार बदलतो, हे त्याने चिकाटीने पडताळले होते. आकडे कोणत्या दिशेने लिहावे, हा सोयीचा प्रश्न. ते कोठे रोवावे, हा सत्याचा. मुलांकडून शून्य आणि शंभर आपण पाठ करून घेतो. ते कशाने ठरले, हेही त्यांना विचारू द्यावे.