सुटी शाळेची, रजा मास्तरांची

शाळेला सुटी लागली की मास्तरांनाही सुटी लागते, हा आपल्याकडचा सार्वत्रिक समज आहे. मे महिन्याच्या सुटीवरून शिक्षकवर्गाला जे टोमणे ऐकावे लागतात त्यांचा उगम ह्याच समजात आहे. खानेसुमारी, मतदारयाद्या, निवडणुकीची कामे, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ह्यांपायी त्या सुटीचे किती दिवस शिक्षकाच्या पदरात पडतात, ह्याचा हिशेब टोमणे मारणारा कधी मांडत नाही. हाच समज उराशी बाळगून अमेरिका, इंग्लंड, दक्षिण आफ्रिका आदी देशांतील पदवीधर तरुण-तरुणी दरवर्षी दक्षिण कोरियातील सरकारी शाळांत इंग्रजी शिकवावयास जातात आणि बहुधा पहिल्याच हिवाळ्यात त्यांचा भ्रमनिरास होतो. शाळेला सुटी लागलेली असते. वर्गांना कुलपे असतात, व्हरांडे ओस पडलेले असतात, बाहेर पारा शून्याखाली उतरलेला असतो. आणि शिक्षकांच्या खोलीत हा एकटा परदेशी मास्तर सकाळी साडेआठपासून दुपारी साडेचारपर्यंत आपल्या मेजापाशी बसून असतो. शिकवायला विद्यार्थी नाहीत, बोलायला सहकारी नाहीत. ह्या प्रकाराला त्या मंडळींनी 'डेस्क वॉर्मिंग' असे नाव दिले आहे. आपल्या भाषेतला खुर्ची उबवण्याचा वाक्प्रचार जणू ह्याच प्रसंगासाठी घडला असावा!

सोल आणि बुसानच्या शाळांतील रजेचा प्रश्न गोमंतकातील वाचकांपुढे कशासाठी, असे कोणी विचारील. त्याला आमचे उत्तर असे की, करारावर परमुलखात चाकरी करणे म्हणजे काय हे गोमंतकाला कोणी शिकवावयास नको. बोटीवरचा तारवटी काय किंवा आखातातला कारकून काय, त्याच्या घरचे पंचांग चैत्रापासून सुरू होत नाही. ते त्याच्या रजेच्या तारखेपासून सुरू होते. लग्ने, मुंजी, घराची डागडुजी, सारे त्या तारखेभोवती फिरते. शिवाय आता ह्या कोरियन प्रश्नाशी आपला थेट संबंधही जडला आहे. भारत आणि दक्षिण कोरिया ह्यांच्यामध्ये २००९ साली झालेला व्यापक आर्थिक भागीदारीचा करार १ जानेवारी २०१० पासून अमलात आला. इंग्रजी घेऊन पदवीधर झालेल्या आणि शिक्षकाचा परवाना असलेल्या भारतीयांना तेथील प्राथमिक व माध्यमिक शाळांत साहाय्यक इंग्रजी शिक्षक म्हणून जाण्याची वाट त्या कराराने मोकळी करून दिली. तोपर्यंत हे दार इंग्रजी मायबोली मानल्या गेलेल्या सात देशांच्या नागरिकांपुरतेच उघडे होते. बी. एड. होऊन नोकरीची वाट पाहणाऱ्या आपल्या मुलामुलींनी ह्या दाराकडे पाहावे, पण उंबरठा कसा आहे हेही पाहावे, एवढाच आमचा हेतू.

कोरियाचे इंग्रजीचे वेड आपल्या वेडाहून कमी नाही. तेथे दर नोव्हेंबरात होणाऱ्या विद्यापीठ-प्रवेशाच्या परीक्षेत इंग्रजी ऐकून उत्तरे लिहिण्याचा जो भाग असतो, त्या वेळी परीक्षार्थींच्या कानांवर व्यत्यय येऊ नये म्हणून देशभरातील विमानांची उड्डाणे आणि अवतरणे थांबवली जातात. परदेशी शिक्षक आणण्याची सरकारी योजना 'एपिक' ह्या संक्षिप्त नावाने १९९५ साली सुरू झाली आणि १९९७ पासून प्राथमिक शाळेच्या तिसऱ्या इयत्तेपासून इंग्रजी हा नियमित विषय झाला. योजनेत निवड झालेला शिक्षक वर्षाच्या कराराने बांधला जातो. आठवड्याला २२ तासिका, आणि शिकवणे असो वा नसो, सोमवार ते शुक्रवार रोज आठ तासांची हजेरी. राहण्यास जागा, येण्याजाण्याच्या खर्चासाठी ठरावीक रक्कम, वर्ष पुरे केल्यास एका महिन्याच्या पगाराएवढी अखेरची देणगी. कागदावर वाईट असे काही नाही. रजेचे कलमही वरवर पाहता ठीकच आहे. पूर्वी अनेक वर्षे कामाचे १८ दिवस पगारी रजा मिळत असे, उन्हाळ्यात ८ आणि हिवाळ्यात १०; पुढे ती वाढून उन्हाळ्यात ११ व हिवाळ्यात १५ अशी २६ दिवसांची झाली.

आता शाळेची सुटी पाहा. कोरियातील शैक्षणिक वर्ष मार्चमध्ये सुरू होते. जुलैच्या उत्तरार्धात उन्हाळी सुटी लागते ती ऑगस्टच्या मध्यापर्यंत किंवा त्याच्याही पुढे चालते. हिवाळी सुटी डिसेंबरअखेर वा जानेवारीच्या आरंभी लागते. फेब्रुवारीत पदवीदानासाठी काही दिवस शाळा भरते न भरते तोच पुन्हा मार्चपर्यंत दारे बंद. म्हणजे दोन्ही सुट्या मिळून शाळा सुमारे अडीच-तीन महिने थंड असते. त्यातून शनिवार-रविवार वगळले आणि २६ दिवस वजा केले तरी चार-सहा आठवडे उरतात. ह्या उरलेल्या दिवसांपैकी काही दिवस 'इंग्लिश कँप' नावाचे सुटीतील वर्ग चालतात. तेथे अभ्यासक्रमाचे जोखड नसते. खेळ, नाटुकली, स्वयंपाक ह्यांच्या निमित्ताने मुले बोलती होतात आणि कित्येक शिक्षकांच्या मते वर्षातले खरे शिकवणे तेवढेच. त्याविषयी आमची तक्रार नाही. कँप संपल्यावर जे दिवस उरतात, त्यांचे काय, हा प्रश्न आहे.

मराठी भाषेने येथे एक सूक्ष्म भेद करून ठेवला आहे. सुटी वेगळी आणि रजा वेगळी. सुटी लागते, रजा मागावी लागते. सुटी सर्वांची असते, रजा एकट्याची असते. कोरियन भाषेतही हाच भेद आहे, हे पाहून आम्हांस मौज वाटली. शाळेच्या सुटीला तेथे 'बांगहाक' म्हणतात, आणि ज्या दोन चिनी अक्षरांपासून तो शब्द झाला त्यांचा अर्थ अध्ययनातून मोकळे सोडणे असा आहे. अर्थात ती विद्यार्थ्याची. नोकराच्या रजेला शब्द निराळाच, 'ह्यूगा'. परदेशी शिक्षकाच्या करारात दिलेली असते ती ह्यूगा. तो मनात धरून येतो ती बांगहाक. इंग्रजीतला 'व्हेकेशन' हा एकच शब्द दोहोंवर पांघरूण घालतो, आणि करार इंग्रजीत वाचणाऱ्याची फसगत तेथेच होते.

बरे, त्याच्याच खोलीतील कोरियन सहकारी कोठे असतात? ते घरी असतात, आणि कायद्याने असतात. तेथील शैक्षणिक लोकसेवकांच्या कायद्यातील ४१ वे कलम असे सांगते की, अध्यापनास बाध येत नसेल तर संस्थाप्रमुखाच्या संमतीने शिक्षकाला शाळेबाहेर राहून प्रशिक्षण घेता येते. सुटीत बहुतेक शिक्षक ह्या कलमाचा आधार घेतात. कोणी खरोखरच अभ्यासवर्गाला जातो, कोणी पुढील सत्राची तयारी करतो, कोणी मुलाबाळांत रमतो. कागदोपत्री मात्र तो प्रशिक्षणात असतो. ह्या सवलतीवर कोरियातही टीका होते, आणि आपल्या मे महिन्याच्या टोमण्यांची तिच्याशी सख्ख्या भावंडांसारखी ओळख पटेल. परदेशी शिक्षक हा करारी नोकर असल्यामुळे ह्या कलमाच्या छत्राखाली येत नाही. म्हणून इमारत राखायला तो उरतो.

कोरियन बाजू अगदीच पोकळ आहे असे आम्ही म्हणत नाही. तेथील कामगार कायद्याप्रमाणे वर्षभर नीट कामावर राहिलेल्या सामान्य नोकराला १५ दिवसांची वार्षिक रजा मिळते, आणि साहेबाची भीड म्हणून पुष्कळ लोक तीही पुरती घेत नाहीत. अशा देशातील करदात्याने परक्या पदवीधराला २६ दिवस रजा देऊन वर आणखी महिनाभर घरी का बसू द्यावे, असा प्रश्न विचारला तर तो गैर नव्हे. शिवाय कोरियन शिक्षक अत्यंत चुरशीच्या नेमणूक-परीक्षेतून पार पडलेला असतो. परदेशी शिक्षकाला पदवी आणि एखादे प्रमाणपत्र पुरते. तेव्हा दोघांची सवलत एकच असावी हा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

पण रिकाम्या खोलीत माणूस बसवून करदात्याचा एक वोनदेखील वाचत नाही, हे तर कोणालाही कळावे. पगार तोच जातो. उलट खोली तापवण्याचा खर्च वाढतो, आणि काही शाळांत तो वाचवण्यासाठी शेगडी बंद करून मास्तरांना कोट-मफलरीत बसवतात, असे म्हणतात! सरकारला काम हवे असेल तर त्याने काम द्यावे. काम नसेल तर ४१ व्या कलमातील प्रशिक्षण हा शब्द खरा करून दाखवण्याची ह्याहून चांगली संधी ती कोणती? बहुतेक परदेशी शिक्षक कोरियन भाषा जाणत नाहीत. ज्या मुलांना ते शिकवतात त्यांची अडचण कोणत्या वळणाने येते, कोरियन वाक्यात क्रियापद शेवटी असल्यामुळे इंग्रजी वाक्य जुळवताना मूल कोठे अडखळते, हे त्यांना उमगत नाही. (मराठी मुलाचीही हीच अडखळ आहे, तेव्हा आपला शिक्षक येथे इंग्लंडच्या शिक्षकापेक्षा उजवा ठरावा.) हे चार-सहा आठवडे त्यांना कोरियन शिकण्यासाठी दिले, तर मार्चमध्ये वर्गात परतणारा माणूस निराळा असेल. खुर्ची उबवणाऱ्याच्या हातून यांपैकी काही होत नाही. फार तर जगभरची वर्तमानपत्रे वाचून होतात.

आमच्या मते खरा जाच रजेच्या संख्येचा नाही; तो रजेच्या तारखांचा आहे. कोरियन कामगार कायद्याचे सामान्य तत्त्व असे की, रजा कोणत्या दिवशी घ्यावयाची हे कामगाराने सुचवावे आणि धंद्यात मोठा खोळंबा होणार असेल तरच मालकाने ती पुढे ढकलावी. परदेशी शिक्षकाची रजा मात्र शाळेच्या सुटीतच, कँपच्या तारखा वगळून आणि मुख्याध्यापकाच्या संमतीने घ्यावी लागते. कँप कधी हे शाळा उशिरा ठरवते. तोवर विमानाचे तिकीट महाग झालेले असते. एक मुख्याध्यापक दुपारी जेवणानंतर घरी जा म्हणतो, शेजारच्या शाळेतला साडेचारच्या ठोक्याआधी उठू देत नाही. करार एकच, पण त्याची चव शाळेगणिक बदलते. आणि वर्षाअखेर करार पुढे चालवावयाचा की नाही, ह्यात शाळेचे मत मोलाचे असल्याने शिक्षक तक्रार करीत नाही. २०१२ च्या सुमारास सोल महानगरातील वरच्या इयत्तांच्या शाळांतून अशा शिक्षकांच्या जागा कमी करण्यात आल्या, तेव्हापासून तर हे मौन अधिकच घट्ट झाले असणार.

ह्या व्यवस्थेतील निष्ठुरपणा २०२० साली उघडा पडला. महामारीमुळे १ एप्रिल २०२० पासून कोरियात परतणाऱ्या प्रत्येकास १४ दिवस विलगीकरणात राहणे भाग झाले. ज्याच्या हाती एका मोसमाची मोजकी रजा, त्याने आईबापांना भेटण्यास जावे कसे आणि परतून विलगीकरणात राहावे कसे? पुष्कळांनी तो प्रश्न स्वतःला विचारण्याचेही सोडून दिले असेल.

आपल्याकडच्या सरकारी सेवानियमांत शिक्षकाला सुटी असणाऱ्या खात्याचा नोकर समजतात आणि म्हणून त्याच्या खात्यावर अर्जित रजा कमी जमा होते. पण सरकारी कामासाठी त्याला सुटी घेऊ दिली नाही, तर त्या प्रमाणात अर्जित रजा जमा करावी लागते. नियम कंटाळवाणा आहे, त्याची अंमलबजावणी किती होते हे शिक्षकांनाच ठाऊक, तथापि त्यातील न्याय साधा आहे : सुटीत राबवलेस तर त्याचा मोबदला दे. कोरियन शिक्षण कार्यालयांनी हे तत्त्व उचलावे. कँपमध्ये शिकवलेल्या दिवसांच्या मोबदल्यात सत्राच्या काळातही चार-पाच दिवस रजा घेण्याची मुभा द्यावी, आणि कँपच्या तारखा सत्र सुरू होतानाच जाहीर कराव्यात. ह्याला पैसा लागत नाही.

सत्रातील त्या चार-पाच दिवसांचे मोल आपल्या माणसाला सर्वांत अधिक कळेल. अमेरिकन शिक्षकाचा नाताळ निदान हिवाळी सुटीच्या उंबरठ्यावर येतो आणि २५ डिसेंबर हा कोरियातही राष्ट्रीय सुटीचा दिवस आहे. आपली चतुर्थी ऑगस्टच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरच्या उत्तरार्धापर्यंत केव्हा तरी येते, म्हणजे उन्हाळी सुटी संपून दुसरे सत्र सुरू झालेले असते. दिवाळीही सत्रातच. कोरियन लोक त्याच सुमारास आपला 'चुसोक' हा सण साजरा करतात. तीन दिवस सुटी असते, सारा देश गावाकडे धावतो, वाडवडिलांना नैवेद्य दाखवला जातो. घरच्या माटोळीखाली बसण्याची ओढ म्हणजे काय, हे त्या लोकांना समजावून सांगण्याची गरज पडू नये. तरीही करारातील २६ दिवसांपैकी एकही दिवस त्या कामी येणार नाही. गोमंतकातून कोणी तेथे जाण्यासाठी अर्ज भरीत असेल तर त्याने पगाराचा आकडा वाचून झाल्यावर रजेचे कलम वाचावे, कँपच्या तारखा कोण आणि कधी ठरवतो हे सही करण्यापूर्वी पत्राने विचारून घ्यावे, आणि लेखी उत्तर हाती येईपर्यंत चतुर्थीला घरी येतो असे आईला कळवू नये.