राखणीचा कुत्रा आणि ब्रूडरमधील पिले

थंडीच्या बॅचेस ब्रूडरखाली उतरू लागल्यापासून वाचकांच्या पत्रांत एकच तक्रार वारंवार येत आहे. रात्री शेतावरचा कुत्रा जाळीशी येऊन भुंकतो, भेदरलेली पिले एका कोपऱ्यात परस्परांवर चढतात, आणि पहाटे खालच्या थरातील पिले गुदमरून मेलेली आढळतात. त्याहून संतापजनक असा प्रकार पुढेच घडतो; नुकसानीची कैफियत घेऊन गेलेल्या व्यावसायिकास, पिलांच्या अंगावर दातांची खूण नाही, सबब कुत्र्याच्या उपद्रवाचा पंचनामा होऊ शकत नाही, असे सुनावून परत पाठविले जाते. कुत्र्याने पिलास तोंडही न लावता निम्मी बॅच मरू शकते, ही गोष्ट ज्या अंमलदारास ठाऊक नाही, त्याने आमच्या मरतुकीची कारणे ठरवावीत हा शुद्ध अन्याय होय. शवविच्छेदनाचा दाखला ग्राह्य धरावा, असा स्पष्ट हुकूम खात्याने विनाविलंब काढला पाहिजे.

परंतु ज्यांच्या शेडमध्ये अद्याप चौकोनी आडोसे आहेत, त्या व्यावसायिकांनाही आम्ही दोषमुक्त मानीत नाही. चिक गार्ड गोल असतो तो कोपरा उरू नये म्हणूनच, हे का पुन्हा सांगावे लागावे? मोठ्या कोंबड्यांत वर्षानुवर्षे निमूट वावरणारा कुत्राही पिलांचा चिवचिवाट आणि त्यांची अकस्मात धावपळ पाहून चाळवतो. पाठलागाच्या या उपजत प्रेरणेस भुकेची आवश्यकता नसते, आणि नजरेने सावज टिपणाऱ्या कारवान जातीच्या कुत्र्यात तर ती विशेष प्रबळ असते. धनगराचा कुत्रा कोकराजवळ शांत बसतो, कारण तो पिल्लू असल्यापासून कळपात वाढलेला असतो. आपणही राखणीचा कुत्रा वयाच्या ३ ते १२ आठवड्यांच्या काळातच, साखळीला बांधून आणि नजरेखाली, पक्ष्यांच्या सहवासास सरावू द्यावा. चटावलेल्या कुत्र्याच्या गळ्यात मेलेली कोंबडी बांधण्याचा अघोरी उपाय तर सर्वथा त्याज्य आहे. मेलेली पिले उकिरड्यावर फेकून त्याला ही चटक आपणच लावतो. ती चुना टाकून खोल खड्ड्यात पुरलीच पाहिजेत.

ज्यांचे पंचनाम्याचे अर्ज नाकारले गेले असतील, त्यांनी त्या शेऱ्यांच्या नकला आमच्या कार्यालयाकडे अवश्य धाडाव्यात. त्या सर्व एकत्र करून आम्ही खात्यापुढे मांडणार आहोत.